कोटघर

वूच म्हणजे नाव.
शहराचं नावच नाव, शिक्क्यावरही नाव,
वल्ह्यासकट.
पाहुणे पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, मग नदी कुठाय?
मी बुटाच्या टोकाने फरशी दाखवतो.
ते हसतात. तेवढा वेळ थांबायचं, हे मला पाठ आहे.

नदी खालून जाते, विटांच्या नळातून.
गिरण्यांनी आधी तिला रंग धुवायला लावले,
मग वास येतो म्हणून पुरून टाकली.
हे वाक्य पुस्तिकेत नाही.

पुस्तिका मीच लिहितो. गुंतवणूक कक्ष, खोली बारा.
तिच्यात दोन महामार्ग एकमेकांना छेदतात,
पोरं जर्मन बोलतात, शिवाय स्पॅनिश,
चौरस मीटरला दर अमुक,
आणि पगार वॉर्सापेक्षा कमी:
हे अगदी शेवटी, ठळक अक्षरांत.

आज चौघे आले वॉर्साहून,
बारा गावचं पाणी प्यायलेले.
मी त्यांना विणकामाचं दालन दाखवलं. आता तिथे टेबलं,
लोखंडी खांब तेवढे जुने, त्यांना नवा राखाडी रंग.
कोपऱ्यात ग्रात्स्यान आणि त्याचे दोन मित्र
कापड विणतात, जे अंगावर घातलं की नाडी मोजतं.
त्याने एका पाहुण्याच्या मनगटाला पट्टी गुंडाळली.
पडद्यावर एक्क्याऐंशी.
"घाबरलात?" ग्रात्स्यान म्हणाला.
कुणी हसलं नाही. मी पुढे चला म्हणालो.

मग बैठक. मग मला म्हणाले, पाच मिनिटं द्या,
आपापसात बोलतो.
काचेची खोली, आतला आवाज बाहेर येत नाही,
त्या काचेला आम्ही केवढे पैसे मोजलेत.
मी कोटघरापाशी जाऊन उभा राहिलो.

कोटघरात पानी गेनोवेफा.
इथे बाईमाणसाला पानी म्हणतात.
एकवीस वर्षं त्यांनी याच दालनात चार माग सांभाळले.
त्या खडखडाटात शब्द तोंडातच मरायचा,
म्हणून बायका ओठ वाचायच्या:
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा रात्री कुठे होता,
साखर कुठल्या दुकानात आलीय,
सगळं चार मागांपलीकडून, मान वर न करता.
माग भंगारात गेले. वाचणं राहिलं.
काच बसवणाऱ्यांना हे कोण सांगणार?

आत चौघांचे चेहरे, ताकास तूर लागू न देणारे.
"करड्या मिशीचा म्हणतोय, दोन वर्षं,"
पानी गेनोवेफा म्हणाल्या, जणू हवापाण्याचं सांगावं तसं.
"करसवलत संपेपर्यंत. पुढे रुमानिया."
"आणि ती बाई?"
"ती म्हणतेय, खांब सुंदर आहेत.
फोटो काढा म्हणतेय."
थोडं थांबून,
"तुमच्याबद्दल म्हणाली, मुलगा चांगला आहे."

मी एकोणचाळीस वर्षांचा आहे.

ते बाहेर आले. हात मिळवले.
फारच आश्वासक, म्हणाले. लवकरच कळवतो, म्हणाले.
मी पुस्तिका दिल्या, वर नाव, वल्हं.
पानी गेनोवेफांनी एकेकाच्या खांद्यावर कोट चढवला,
करड्या मिशीवाल्याचा सगळ्यांत शेवटी.
सकाळी त्याचं वरून दुसरं बटण एका धाग्यावर होतं,
मी पाहिलं होतं; असल्या गोष्टी मला दिसतात, पगारच त्याचा आहे.
आता ते घट्ट बसलेलं.
काळ्या कोटावर निळा दोरा, चार टाके,
गाठ आतल्या बाजूने.
त्याने बटण लावलं, त्याला काही कळलं नाही,
गाडी स्टेशनकडे वळली.

म्हणजे मघाशी, बोलता बोलता, डोळे काचेकडे,
काउंटरखाली त्यांचे हात चालू होते.

मी विचारलं, त्याचं? त्याचंच कशाला?

सुई त्यांनी गळपट्टीत खोचली.
"लोंबत होतं," म्हणाल्या.